कर्बवर उभी असलेली गाडी बाहेरच असते

नाशिकहून रेस मार्शल, म्हणजे शर्यतीत ट्रॅकच्या कडेला उभं राहून लक्ष ठेवणारा, म्हणून जायची तयारी करणाऱ्या नव्या पोरांसाठी हे लिहितोय. झेंड्यांचे रंग तुम्हाला पाठ असतीलच. मी अडकलो तो ट्रॅक लिमिटमध्ये, म्हणजे गाडी ट्रॅकच्या हद्दीत आहे की बाहेर हे ठरवण्यात.

पहिल्याच वर्षी अंबडची सेकंड शिफ्ट संपवून निघालो, कल्याणला गाडी बदलली आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर पोचलो. वळणावरून कोण बाहेर गेलं ते वॉकीटॉकीवर कळवायचं, एवढंच काम. शेजारचे सीनियर म्हणाले, "चार बोटांसाठी पोरांना काय छळायचं? सोड." मी पाच-सहा गाड्या सोडल्या. मग कंट्रोलने, म्हणजे शर्यतीवर देखरेख ठेवणाऱ्या खोलीने, विचारलं, तुमच्या वळणावरून काहीच कसं येत नाही? घाबरून मी पुढचीच गाडी कळवली. त्या पोराला पाच सेकंदांची पेनल्टी बसली, तिसरा नंबर गेला. संध्याकाळी तो शोधत आला. "दादा, माझ्या पुढचा दर लॅपला बाहेर जात होता. मग मीच का?"

तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून नियम नीट डोक्यात बसवा. पांढरी रेषा ट्रॅकमध्ये धरतात, तिच्या बाहेरचा लाल-पांढरा कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेचा उंचवटा, धरत नाहीत. एका टायरचा काठ जरी रेषेला टेकला असेल तरी गाडी आत. चारही चाकं रेषेपलीकडे गेली की बाहेर, मग ती कर्बवर कितीही ऐटीत उभी दिसो. डोळा फसतो तो इथेच, कारण कर्ब ट्रॅकचाच भाग वाटतो. बाजूने पाहिलं तर टायर आणि रेषेमधली फट दिसतच नाही. रेषेच्या सरळीत नजर जाईल अशी जागा मागून घ्या. मागायला लाजू नका.

मोठ्यांनाही हे जड गेलंय. 2021 च्या फॉर्म्युला वनच्या बहरीन शर्यतीत चौथ्या वळणावर बाहेर गेलं की सरावात लॅपच्या वेळा रद्द होत होत्या, शर्यतीत मात्र तिथे सूट होती. 2023 ला ऑस्ट्रियात रेषेबाहेर गेल्याची बाराशेहून जास्त प्रकरणं तपासायला आली. अ‍ॅस्टन मार्टिन संघाने तक्रार केली, आणि शर्यत संपल्यावर आठ जणांना पेनल्टी लागली. त्यातला फेरारीचा ड्रायव्हर साइन्झ चौथ्यावरून सहाव्यावर गेला. पुढच्या वर्षी, जिथे गाड्या बाहेर जात होत्या त्या वळणांवर खडीची पट्टी टाकली. मला हाच उपाय सगळ्यात न्याय्य वाटतो, खडी कुणाचं नाव विचारत नाही.

"सोड" म्हणणारा सीनियर भेटला तर पोस्ट बदलून मागा, माझं हे मत ठाम आहे. यूट्यूबच्या क्लिपा बघूनही नजर बसत नाही, त्यात कॅमेरा आधीच योग्य जागी असतो. पण घाबरू नका. पहिल्या दिवशी चार चुका होतील, कंट्रोलला कॅमेऱ्याचा आधार असतो. पहिल्या लॅपला जे कळवाल तेच शेवटच्या लॅपला कळवा, गाडी कुणाचीही असो.

मी पाथर्डी फाट्याजवळच्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याची रेषा मारून मित्राच्या बोलेरोवर सराव केला, दोन महिने, दर रविवारी. रेषा अजून मारतो. यायचं असेल तर सकाळी सातला या, उन्हं तिरपी असतात तेव्हा फसायला जास्त होतं.