फेकजाळ्याची शिसं आता गुळगुळीत निघतात

नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, फेकजाळं टाकायचं तर ते बुडायला घेराला शिशाचे मणी हवेतच. घरी ओतलेल्या मण्यांवर सुरकुत्या यायच्या, साचा अर्धाच भरायचा. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, अंगणातली चूल तर रसरसलेली; मग खोट कुठं? साचा गार होता. आता लोखंडी साचा आधी चुलीकडेला तापवतो, आतून चिमणीची काजळी धरतो. वितळलेल्या शिशात मेणाचा खडा टाकून ढवळलं की मळी वर येते, ती पळीनं काढायची. मेण भक्कन पेटतं, तोंड लांब ठेवा. पावसाळ्यात हे काम नकोच बुवा. साच्यात थेंबभर पाणी असलं तरी तापलेलं शिसं अंगावर उडतं. शिसं विषारी, तेव्हा ती पळी पुन्हा भाजीत घालायची नाही, घरात कितीही कुरकुर होवो.