लांब केसांना कोणता कट करावा? आधी वेणी घालून बघा

लांब केस आहेत, लांबी घालवायची नाहीये पण काहीतरी वेगळं पाहिजे, असं झालं की आपण सगळ्याजणी काय करतो, फोनवर फोटो शोधतो आणि तोच पार्लरवाल्या ताईंपुढे धरतो. आता त्या फोटोतल्या बाईचे केस ब्लो ड्राय करून, टोकं वळवून, मोकळे सोडलेले असतात. तुमचे आठवडाभर क्लचरमध्ये नाहीतर वेणीतच असतात ना? मग कट त्या रोजच्या अवताराला धरून निवडा. चेहरा गोल की लांबट ते नंतर.

रोज वेणी घालत असाल तर डोळे झाकून यू कट, म्हणजे मागून बघितलं तर खाली इंग्रजी U सारखी गोलाई. कडेचे केस थोडे आखूड होतात, पण वेणी बऱ्यापैकी खालपर्यंत भरलेली राहते. व्ही कट (मध्ये V सारखं निमुळतं टोक) पाठीवर मोकळा सोडला की मस्तच दिसतो, दाट आणि कमरेपर्यंत केस असतील तर विचारूच नका, पण वेणी घातली की खालचा वीतभर भाग म्हणजे उंदराची शेपटी. मुळात पातळ केस असतील तर व्ही नकोच, सरळ कट किंवा अगदी उथळ यू, त्याने टोकं दाट वाटतात.

लेयर्सचं, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब अशा थरांचं, मात्र नीट समजून घ्या कारण पस्तावा इथेच होतो. "लेयर्स करा ना, व्हॉल्यूम येईल" हे हमखास ऐकू येतं. येतो की, पण वरचे केस आखूड झाले की खालचे तेवढेच विरळ दिसणार. दाट, जड केसांना लेयर्स शोभतात. फक्त सगळ्यात आखूड लेयर कुठे येणार हे तुम्ही ठरवायचं. घरीच बघा, कपाळाजवळची एक बट घ्या, जिथे रबर लावता तिथपर्यंत मागे ओढा, रबराच्या पलीकडे, टोकाच्या बाजूला, दोन-तीन बोटं जागा सोडून चिमटीत धरा आणि चिमूट न सोडता बट पुढे आणून सरळ खाली धरा. चिमूट जिथे आली त्याच्यापेक्षा वर ती बट कापली तर ती रबरात बसणार नाही, दिवसभर तोंडावर येणार, मग बसा गर्दीच्या लोकलमध्ये पिना लावत. हनुवटीपासून सुरू होणारा स्टेप कट (पायऱ्यांसारखे लेयर्स) किंवा तो बटरफ्लाय कट (चेहऱ्याभोवती आखूड, मागे लांब लेयर्स) या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतो (दिसतो छान, त्याबद्दल वाद नाही).

कर्टन बँग्स, म्हणजे कपाळावर पडद्यासारख्या दोन्हीकडे पडणाऱ्या आखूड बटा, हव्या असतील तर घ्या, पण घामाने कपाळाला चिकटतात आणि महिना-दीड महिन्याने डोळ्यात जायला लागतात.

कुरळे केस असतील तर कोरडेच कापून घ्या. ओले केस ताणले जाऊन लांब दिसतात, वाळले की वर चढतात, कुरळे तर कधीकधी दोन-तीन इंचसुद्धा. आणि केस दाट आहेत म्हणून कोणी दातेरी कात्रीने आतून विरळ करू का म्हणालं तर कुरळ्यांना नकोच सांगा, आखूड झालेले केस वर येऊन अजून पिंजारतात, त्यात कोकणातली किंवा मुंबईची दमट हवा असली की बघायलाच नको.

जाताना आदल्या दिवशी केस धुवून जा, तेल नको, आणि भांग नेहमी पाडता तसाच पाडून बसा, कारण मधल्या भांगावर कापलेले पुढचे लेयर्स बाजूच्या भांगाला वरखाली दिसतात. "थोडेसेच कापा" असं म्हणूच नका, तुमचं थोडंसं आणि त्यांचं थोडंसं यात चार बोटांचा फरक असतो. बट हातात धरून इथपर्यंत असं दाखवा. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे सहा इंच जास्त गेले की वर्ष गेलं. लेयर्सबद्दल मन डळमळीत असेल तर आज नुसता यू करून या आणि लेयर्सचं पुढच्या ट्रिमिंगला बघा, दोन-तीन महिन्यांनी, किंवा टोकांना फाटे दिसायला लागले की त्याआधीच.