सुट्टीतले अन्नवाटप : काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

एप्रिलअखेरीस शाळांना सुट्टी लागते, तेव्हा अनेक घरांतल्या मुलांचे दुपारचे जेवणही बंद होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. शाळा १५ जूनच्या सुमारास, विदर्भात जूनअखेरीस, पुन्हा उघडेपर्यंत तेवढा भार आईवडिलांच्या मजुरीवर पडतो. सुट्टीत उपयोगी काम शोधणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने अन्नवाटपाकडे वळावे, असे मला म्हणूनच मनापासून वाटते. मी स्वतः दोन उन्हाळे हे काम केले आहे आणि पुढचे सारे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

एकट्याने किंवा चार मित्रांनी मिळून परस्पर सुरुवात करू नये. गावात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेत दाखल व्हावे. उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९चे नियम आहेत आणि ते १ जुलै २०२० पासून लागू झाले आहेत. त्यामुळे संस्थेची नोंदणी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार आणि कामाचे तास कोणते, हे लेखी घ्यावे. ज्याला सुट्टीत फीचे पैसे जमवायचे आहेत त्याने तसे स्पष्ट सांगावे. सेवेच्या कामात पैशांचे बोलणे वाईट दिसते, हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल, तर दोन वर्षांच्या २४० तासांत हे तास धरले जातील का, याची कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आधीच खात्री करून घ्यावी.

पहिला आठवडा वाटपात घालवू नये. तो पायी फिरण्यात घालवावा. अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार आणि नाक्यावर मजूर नेणारे मुकादम यांना भेटले, की कोणत्या वस्तीत संध्याकाळी चूल पेटत नाही, हे दोन दिवसांत कळते; ते एका वहीत लिहून ठेवावे. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या आणि गावाबाहेरच्या वीटभट्ट्या हमखास राहून जातात, कारण तिथली माणसे बाहेरगावची असतात आणि त्यांची नावे कोणाच्याच यादीत नसतात. आधीपासून जेवण मिळणारी ठिकाणेही त्याच वहीत लिहावीत. देवस्थानांची अन्नछत्रे, गुरुद्वारांचे लंगर आणि २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या, दहा रुपयांत थाळी देणाऱ्या योजनेचे शिवभोजन केंद्र यांची नोंद करावी. मात्र केंद्र आज चालू आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे, ऐकीव माहितीवर कोणाला उन्हात पाठवू नये.

आता मुख्य काम. मे महिन्यात अन्न मिळते ते बहुतेक मंगल कार्यालयांतून. यजमान त्या दिवशी घाईत असतात, म्हणून बोलणे आदल्या दिवशी आचाऱ्याशी किंवा केटररशी करावे आणि एकच गोष्ट मागावी : पंगतीत किंवा बुफेच्या टेबलावर न गेलेले, पातेल्यातच राहिलेले अन्न. दुपारच्या मुहूर्ताची जेवणे तीनपर्यंत चालतात आणि नेमके तेव्हा ऊन सर्वांत कडक असते. शिजलेले अन्न ६० अंशांच्या खाली आले, की जिवाणू झपाट्याने वाढू लागतात. एरवी असे अन्न दोन तासांच्या आत खाल्ले जावे लागते. बाहेर ३२ अंशांहून अधिक तापमान असेल, तर हाती एकच तास उरतो, आणि हा तास टेम्पो आल्यापासून नव्हे, गॅस बंद झाल्यापासून मोजायचा. भाताच्या बाबतीत विशेष जपावे, कारण त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर त्यांच्यापासून जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, बासुंदी आणि पनीरची भाजी घेऊच नये. पुऱ्या, चपात्या, कोरडी बटाट्याची भाजी, बुंदीचे लाडू हे त्या मानाने निर्धोक. वरण आणि उसळ मात्र उकळत्या स्थितीत मिळाली तरच घ्यावी.

हे मी शिकलो ते माझ्या चुकीतून. पहिल्या उन्हाळ्यात मटकीच्या उसळीचे मोठे पातेले घट्ट झाकण लावून टेम्पोत ठेवले आणि वाटेत दोन ठिकाणी थांबलो. वस्तीत पोहोचून झाकण काढले तेव्हा कडेने पांढऱ्या फेसाचे वर्तुळ धरले होते आणि वास आंबूस येत होता. समोर चाळीसएक माणसे ताटे घेऊन बसली होती. उसळ ओतून द्यावी लागली, आणि त्या दिवशी त्यांना नुसत्या पुऱ्या देऊन परतलो. तेव्हापासून प्रत्येक पातेल्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ, ठिकाण आणि गॅस बंद केल्याची वेळ मी मार्करने लिहितो, आणि शंका आली तर चव घेऊन न पाहता अन्न टाकून देतो.

वाढताना रांग लावण्यापेक्षा पंगत बसवावी. मावशी, काका, आजी अशी हाक मारावी, पदार्थ कोठून आला ते विचारल्यास खरे सांगावे आणि नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. एका आजींनी मला सांगितले होते, “उरलेलं चालंल बाळा, पण उष्टं नको.” हा फरक त्यांच्या दृष्टीने फार मोठा होता आणि तो आपण पाळलाच पाहिजे. जेवणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. देणगीदाराने मागितली, तर पातेल्यांची आणि वहीची द्यावीत.

वाटप रुळले, की दुपारचे दोन तास रेशनसाठी राखून ठेवावेत. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या गरीब कुटुंबात प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे अतिगरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या एका पंगतीची या धान्याशी तुलना होऊ शकत नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीमुळे वीटभट्टीवरचे कुटुंब आपले गाव सोडून आले असले, तरी जवळच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकते. अनेकांना हे ठाऊकच नसते. त्यांच्यासोबत दुकानापर्यंत जावे. अंगठा उमटत नसेल, आधार जोडलेले नसेल किंवा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळखीची पडताळणी, राहिली असेल, तर काय अडले ते लिहून घ्यावे आणि तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत किंवा १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्या कुटुंबाला कागदावर लिहून द्यावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वही संस्थेच्या कायमच्या कार्यकर्त्याकडे सोपवावी. कोणाची तक्रार कोठवर आली, कोणता आचारी फोन उचलतो, कोणत्या खोलीत एकटे वृद्ध राहतात, हे तोंडी सांगू नये, त्या कार्यकर्त्याबरोबर एकदा वस्तीत फिरून दाखवावे, आणि आपण उद्यापासून येणार नाही, हे तिथल्या माणसांना आपणच सांगावे.