सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या लेकराचं खाणं: तूप, मीठ आणि कॅप्सूल

लेकरू भरपूर खातं, दिवसातून चार-पाच वेळा शी करतं. शी चिकट, तेलकट, उग्र वासाची. पाणी ओतलं तरी लवकर निघत नाही. आणि वजन हलत नाही. अशा घरात पहिली चूक होते ती तेल-तूप बंद करून वरणाचं पाणी आणि पेज सुरू करण्याची. सिस्टिक फायब्रोसिस असेल तर त्यानं लेकरू आणखी वाळतं.

या आजारात स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावानं बुजतात. पाचकरस आतड्यात उतरत नाही, म्हणून पोटात गेलेलं तेल-तूप तसंच बाहेर पडतं. त्यात खोकला आणि छातीचा जंतुसंसर्ग ताकद खात राहतात. त्यामुळे या मुलांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा जास्त, काहींना दुपटीपर्यंत ऊर्जा लागते, आणि त्यातली ३५ ते ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून यावी लागते. म्हणजे तूप वाढवायचं आणि त्यासोबत एन्झाइमची (पाचकरसातल्या अन्न पचवणाऱ्या घटकाची) कॅप्सूल द्यायची. नुसतं तूप वाढवलं तर ते वाया जातं.

अंगणवाडीत ‘तीव्र कुपोषित’ म्हणून नोंद झालेलं, पोषण पुनर्वसन केंद्रात राहूनही वजन न धरणारं, सारखा न्यूमोनिया होणारं आणि मुका घेतला की खारट लागणारं लेकरू असेल, तर मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात घामाच्या तपासणीबद्दल विचारा. घामातलं क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर हा आजार धरला जातो. शीतलं इलास्टेज (स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम) २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर स्वादुपिंड कमी पडतंय असं समजतात.

कॅप्सूल

कॅप्सूलवरचा १०,००० किंवा २५,००० हा आकडा लायपेजचा, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचा असतो. चार वर्षांखाली सुरुवात साधारण किलोमागे १,००० युनिट दर जेवणाला, चार वर्षांपुढे ५०० युनिट अशी होते. १२ किलोच्या तीन वर्षांच्या पोराला म्हणजे जेवणाला १०,०००ची एक. डोस पुढे शी आणि वजन बघून डॉक्टर वाढवतात. एका जेवणाला किलोमागे २,५०० आणि दिवसाला किलोमागे १०,००० ही वरची हद्द. त्यापलीकडे मोठं आतडं आकसण्याचा धोका असतो. शी तेलकट दिसली म्हणून घरीच दोन-तीन कॅप्सूल वाढवू नका.

कॅप्सूल पहिल्या घासासोबत द्या, जेवण झाल्यावर नाही. दूध, चहा, फल्लीदाणे (शेंगदाणे), अंडं, भाजी, चिवडा, यातलं काहीही खायचं तर कॅप्सूल लागते. संत्रं, लिंबू सरबत, गूळ, साखर यांना लागत नाही. म्हशीच्या दुधाचा एक पेला (२०० मिली) म्हणजे १३-१४ ग्रॅम चरबी. तो ‘नुसतं दूध’ म्हणून सोडला जातो आणि शी बिघडते. मधल्या खाण्याला किती द्यायची, ते लिहूनच घ्या.

गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडा. आत खसखशीएवढे दाणे दिसतील. ते चमचाभर संत्र्याच्या रसात किंवा दह्यात घालून लगेच भरवा. त्या दाण्यांवर आंबटात न विरघळणारं आवरण असतं. ते जठरातून सुखरूप पार होऊन आतड्यात फुटतं. दाणे दुधात, वरणात किंवा गरम भातात कालवले, कुटले किंवा चावले तर आवरण तोंडातच जातं: एन्झाइम जठरात मरतं आणि तोंडात फोड येतात. भरवून झालं की दोन घोट पाणी पाजा आणि गालाच्या आत, जिभेखाली बोट फिरवून बघा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडात दाणे राहिले तर आईच्या स्तनाग्रालाही चरे पडतात.

दुकानात ‘पाचक सिरप’ हातात ठेवतात. त्यात बहुतेक वेळा डायस्टेज (पिष्ट पचवणारं) आणि पेप्सिन (प्रथिनं पचवणारं) असतं, लायपेज नसतं. या आजारात त्याचा उपयोग नाही. आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा: ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, आणि तितका गुण देणारा शाकाहारी पर्याय नाही. नंतर कळलं की औषध मध्येच बंद पडतं.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. एन्झाइम साधारण २५ अंशांपर्यंत टिकावं अशा बेतानं बनवलेलं असतं; मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ पार करतो, टिनाच्या खोलीत आणखी. एका वेळी महिन्याभराचाच साठा घ्या. मूळ डबी घट्ट लावून मोठ्या स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाजवळ पण ओल न लागेल अशी ठेवा. चुलीजवळ, खिडकीत, मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका. डोस तोच असून उन्हाळ्यात शी पुन्हा तेलकट झाली तर आधी कॅप्सूलवर संशय घ्या.

ताटात काय

गोळाभात या मुलांसाठी उत्तम. भात, त्यावर हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे दोन गोळे कुस्करलेले, वरून हिंग-मोहरीची फोडणी; फक्त तिखट हात राखून. फोडणीचं तेल तीन चहाचे चमचे म्हणजे १२०-१३५ कॅलरी, भाताचा ढीग न वाढवता. तीनही जेवणांत दोन-दोन चमचे जास्तीचं तेल किंवा तूप घातलं तर दिवसाला जवळपास २५० कॅलरी वाढतात. चुनात (पिठल्यात), वरणात, भाकरीच्या काल्यात ते सहज मुरतं. मूठभर (३० ग्रॅम) फल्लीदाण्यांत १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं. लहानांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट करून गुळासोबत लाडू वळा. तिळाचंही तेच. अंडं चालत असेल तर रोज द्या. जेवणाआधी पाण्यानं पोट भरू देऊ नका. छाती मोकळी करायचा व्यायाम जेवणाआधीच करून घ्या, नाहीतर खोकून सगळं उलटतं.

मीठ

‘वर्षाच्या आत मीठ नको’ हा सल्ला या बाळांना लागू नाही. घामातून मीठ फार जातं. पाच मिलीच्या चहाच्या चमच्यानं मोजून सहा महिन्यांपर्यंत दिवसभरात १/८ चमचा, सहा ते बारा महिने १/४ चमचा, पिण्या-खाण्यात थोडं थोडं वाटून. पण वजनाप्रमाणे मोजमाप डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. मोठ्या पोरांना ताकात, पन्ह्यात, लिंबूपाण्यात मीठ, आणि उन्हात फिरल्यावर ओआरएस. बाळ मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली तर थांबू नका. दवाखान्यात आजाराचं नाव सांगा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तपासायला सांगा.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीसोबतच शोषली जातात. त्यांची औषधं उपाशीपोटी न देता तुपाच्या जेवणात, कॅप्सूलसोबत द्या. रातांधळेपणा दिसला, नाकातून रक्त वारंवार आलं तर कळवा.

वजन एकाच काट्यावर, बाळाचं दर पंधरा दिवसांनी, मोठ्याचं महिन्यानं करा. शी अडून उजवीकडे बेंबीखाली दुखत असेल आणि हिरवी उलटी झाली तर एरंडेल देत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दहा वर्षांपुढे दरवर्षी ग्लुकोज पाजून साखर तपासतात. साखर वाढलेली निघाली तरी या मुलांचं खाणं तोडायचं नसतं, इन्सुलिन द्यायचं असतं.