किडनी कोण देऊ शकतं, आणि बसवलेली किडनी कशी सांभाळायची

कायद्याने (१९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा, २०११ची दुरुस्ती) जवळचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं. मेहुणा, वहिनी, मामेभाऊ यात बसत नाहीत. त्यांचं प्रकरण ऑथोरायझेशन कमिटीपुढे, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जातं. दात्याचा शोध सुरू असतानाच हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत पेशंटचं नाव घालून ठेवा. घरातला दाता शेवटच्या तपासणीत बाद झाला, तर निदान नोंदणीची तारीख तरी हातात राहते.

दात्याच्या तपासण्या स्वस्ताकडून महागाकडे करा. आधी रक्तगट, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवी, सोनोग्राफी. मग एचएलए (पेशींची जुळणी) आणि क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का, ते पाहणं). सीटी अँजिओ, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन, सगळ्यात शेवटी. रक्तगट जुळला नाही म्हणून फाइल बंद करू नका. तशाच दुसऱ्या कुटुंबाबरोबर अदलाबदल, म्हणजे स्वॅप, कायद्याने करता येते. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येणं मात्र गंभीर असतं. बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात नवऱ्याच्या किंवा मुलांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) असू शकतात, त्यामुळे आईला मुलाची किडनी देताना हा अडथळा जास्त दिसतो. रक्त चढवल्यानेही अँटिबॉडी वाढतात. म्हणून डायलिसिसच्या पेशंटला गरज नसताना रक्त चढवू नये.

दात्याचे आकडे साधारण असे: जीएफआर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते) ९०च्या वर असेल तर चांगलं, ६०च्या खाली नकार, मधल्यांचा निर्णय वय आणि बाकी तब्येत पाहून. लघवीतलं अल्ब्युमिन (हे प्रथिन) दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत हवं, १००च्या वर गेलं तर नाही. चोवीस तासांच्या लघवीचा नमुना निम्म्या घरांत चुकतो. सकाळी सातची लघवी फेकून द्या, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सातची शेवटची धरून. कॅन थंड जागी ठेवा. पाळीच्या दिवसांत किंवा जोरदार व्यायामानंतर हा नमुना देऊ नका.

तरुण दाता म्हणजे चांगला दाता, हा समज सोडा. पंचविशीतला मुलगा, साखर काठावर, घरात मधुमेह: त्याला एका किडनीवर पन्नास वर्षं काढायची आहेत. त्यापेक्षा पंचावन्नची निरोगी आई बरी. पॉलिसिस्टिक किडनीच्या (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) घरात तिशीच्या आतल्या दात्याची सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पुरेशी नसते. एमआरआय किंवा जनुकीय तपासणी लागते. मूल हवं असलेल्या मुलीला आधीच सांगा, की किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो.

दात्याशी डॉक्टरांनी एकट्याशी बोललंच पाहिजे. सून किंवा बायको पुढे केली जाते तेव्हा तर नक्कीच. दाता बाई असेल तर तिची संमती पेशंट सोडून दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी, असं २०१४चे नियमच सांगतात. मन नसेल तर ते डॉक्टरांना सांगावं. घरी ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवता येतं.

आता पेशंट. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बारा-बारा तासांनी, रोज त्याच वेळी. रक्तातली तिची लेव्हल तपासायच्या दिवशी गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जा, रक्त दिलं की मग घ्या. आधी घेतली तर आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करू नका. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर विचारल्याशिवाय बदलू नका.

जुलाब लागले की टॅक्रोलिमस अंगात कमी जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात पातळी बहुतेकदा वाढते आणि किडनीला त्रास होतो. म्हणून टँकरचं पाणी उकळून, गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस नाही, कच्च्या मोडांची कोशिंबीर नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूटही वर्ज्य. फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध), क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) पातळी वाढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन एकदम पाडतं. गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्तीसाठी घेतात, आणि इथे तीच तर दाबून ठेवायची असते. बाल्कनीतली कबुतरांची घाण पेशंटने साफ करायची नाही. पालखी आणि गणपतीच्या गर्दीत पहिलं वर्ष तरी जाऊ नका. जिवंत विषाणूची लस कधीच नाही.

रोज सकाळी वजन, बीपी, लघवीचं माप. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, ओटीपोटात नव्या किडनीवर दुखलं, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी फोन. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. डीजे स्टेंट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी, साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कारण विसरलेला स्टेंट इन्फेक्शन आणतो.

दात्याची फाइल मात्र महिन्याभरात कपाटात जाते. त्याचं क्रिएटिनिन ०.८वरून १.१-१.२ होणं अपेक्षित आहे, लॅबच्या लाल खुणेने घाबरू नका. पण दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. आणि दातदुखीसाठी गेलात तरी आधी सांगा, ‘मला एकच किडनी आहे, डायक्लोफेनॅक (किडनीला त्रास देणारी वेदनाशामक गोळी) नको.’