घाईच्या शूटमध्ये लूक सांभाळताना

व्हिडिओ शूटवर नव्याने आलेली मुलं बहुधा कॅमेरा कोणता घ्यावा, हे विचारतात. माझ्या मते त्याआधी ठरवायचं ते हे, की दिवसभरात काय काय बदलायचं नाही. सेटअपला जेमतेम वेळ असताना प्रत्येक फ्रेम नव्याने सजवत बसलं, की एकेक शॉट देखणा होतो, पण एडिटला शेजारीशेजारी लावल्यावर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बदलला की कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं, आधी बंद करा. बोलणारा खिडकीकडून आत वळला, की चालू शॉटमध्येच चेहऱ्याचा रंग सरकतो. ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग जुळवताना, हे निस्तरणं फार किचकट, कारण फरक एका जागी नसतो, हळूहळू वाढत जातो. बाहेर उन्हात ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळसर टंगस्टन दिव्याखाली ३२००, असा आकडा हाताने टाका. खरी डोकेदुखी मिश्र उजेडाची: खिडकीतून निळसर, छतावरच्या ट्यूबमधून हिरवट. अशा वेळी मी ट्यूब बंद करायला लावते. नवा दिवा उभा करण्यापेक्षा नको असलेला विझवणं कधीही लवकर होतं.

सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र), समजा, एफ ४ ठरला, तर तो तिथेच राहू द्या. ऊन वाढलं की हात एनडी फिल्टरकडे, म्हणजे लेन्सवर लावायच्या उजेड कमी करणाऱ्या काचेकडे, जायला हवा. शटर १/५०० केलं तर चालणारा माणूस तुटक दिसतो; अ‍ॅपर्चर बारीक केला तर आत्तापर्यंत धूसर असलेली मागची भिंत एकदम स्पष्ट होते. व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त गडद करता येणारा फिल्टर) मात्र जपून फिरवा, शेवटच्या टोकाला वाइड लेन्सवर काळपट फुली उमटते.

चेहऱ्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. मुख्य दिवा पहिल्या शॉटला ज्या बाजूला होता, त्या प्रसंगात तो त्याच बाजूला राहतो. पण सावळा आणि गोरा चेहरा वेव्हफॉर्मवर (चित्रातला उजळपणा दाखवणाऱ्या आलेखावर) एकाच उंचीवर आणायचा अट्टाहास करू नका, त्वचेचा मूळ रंगच हरवतो. चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून एक्स्पोजर लावा.

पहिल्या चांगल्या शॉटची फ्रेम फोनमध्ये काढून ठेवा आणि जागा बदलली की मॉनिटरशेजारी धरून बघा. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींवर तेच कार्ड, त्याच उजेडात, काही सेकंद रेकॉर्ड करा. सगळे घाईत असतील, तरी तेवढं मागून घ्या.