भाड्याचे ग्लायडर आणि विमा : या चुका टाळा

अमेरिकेतील ग्लायडरपोर्टवर, म्हणजे ग्लायडरच्या धावपट्टीवर, तासाच्या दराने ग्लायडर (इंजिनाशिवाय तरंगणारे विमान) भाड्याने घेताना विम्याची चौकशी केली, की काउंटरवरून हमखास उत्तर मिळते : "आमचा विमा आहे, काळजी नको." हे उत्तर बहुधा खरेच असते, मात्र तो विमा नेमका कोणाला वाचवतो, हे त्यातून कळत नाही. खासगी उड्डाणासाठी ग्लायडर भाड्याने घेणाऱ्याने स्वतःचा विमा काढलाच पाहिजे, अशी सक्ती तेथील संघीय उड्डाण नियमांत नाही. त्यामुळे भाडेकरार आणि पॉलिसी ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचण्याची वेळ अनेकांवर नुकसान झाल्यानंतरच येते.

मालकाच्या विम्याला स्वतःचा विमा समजणे

ग्लायडरचा मालक, मग तो क्लब असो वा व्यावसायिक संस्था, साधारणपणे दोन प्रकारचे संरक्षण घेतो : एक खुद्द ग्लायडरच्या नुकसानीचे, ज्याला हल विमा म्हणतात, आणि दुसरे त्रयस्थांच्या दाव्यांचे. हल विम्याची रक्कम मालकाच्या हाती पडते. ती दिल्यानंतर विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून, ज्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले त्याच्याकडून तेवढे पैसे मागू शकते. या अधिकाराला सब्रोगेशन म्हणतात, आणि ग्लायडर भाड्याचे असेल तर ही मागणी वैमानिकाच्या दारात येते. मालकाच्या पॉलिसीत "मान्य वैमानिक" म्हणून आपले नाव असले किंवा आपण तिच्या अटींत बसत असलो, तरी त्याचा अर्थ एवढाच, की आपण उडवत असताना मालकाचे संरक्षण अबाधित राहते. आपण त्यामुळे विमाधारक होत नाही.

म्हणून "विमा आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. आपल्याला अतिरिक्त विमाधारक म्हणून नोंदवले आहे का, विमा कंपनीने आपल्याविरुद्धचा सब्रोगेशनचा अधिकार सोडला आहे का, आणि डिडक्टिबल (नुकसानीतील विमा कंपनी न देणारी सुरुवातीची ठरलेली रक्कम) कोणी भरायचे, हे तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत. अनेक क्लबांत सदस्यांना विमाधारक धरले जाते, परंतु व्यावसायिक ग्लायडरपोर्टवर तसेच असेल असे गृहीत धरू नये. सब्रोगेशनचा अधिकार सोडलेला असला, तरी डिडक्टिबल बहुधा भाडेकरारातून वैमानिकाच्याच माथी येते.

फक्त दायित्वाचा विमा घेऊन थांबणे

दुसऱ्याच्या मालकीचे विमान उडवणाऱ्यांसाठी तिकडे वेगळी पॉलिसी मिळते. तिच्या मूळ भागात लोकांना झालेली इजा आणि त्रयस्थांच्या मालमत्तेचे नुकसान यांचे संरक्षण, म्हणजेच दायित्वाचा विमा, असतो. येथे एक मेख आहे. जी वस्तू विमाधारकाच्या ताब्यात व देखरेखीखाली असते, तिचे नुकसान दायित्वाच्या विम्यातून सहसा वगळलेले असते, आणि भाड्याचे ग्लायडर ही नेमकी तशीच वस्तू होय. धावपट्टीशेजारच्या कुंपणाचे पैसे मिळतील, पण त्यावर आदळलेल्या पंखाचे मिळणार नाहीत. त्यासाठी भाड्याच्या विमानाच्या नुकसानीचे संरक्षण स्वतंत्र हप्ता भरून जोडून घ्यावे लागते.

ते घेताना हप्ता कमी ठेवण्यासाठी सर्वांत लहान मर्यादा निवडण्याकडे कल असतो. मालकाच्या पॉलिसीत ग्लायडरची ठरवून लिहिलेली किंमत समजा ६०,००० डॉलर आहे आणि आपली मर्यादा ५,००० डॉलर आहे. तर एका चुकलेल्या लँडिंगनंतर उरलेल्या रकमेचा प्रश्न आपल्यापुरता उघडाच राहतो. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे बनलेले जुने श्वाइझर २-३३ आणि फायबरग्लासचे एएसके २१ यांच्या किमतींत मोठे अंतर आहे. त्यामुळे आपण प्रत्यक्षात उडवत असलेल्या सर्वांत महाग ग्लायडरची पॉलिसीतील किंमत मालकाला विचारावी आणि मर्यादा त्यावरून ठरवावी. ग्लायडर दुरुस्तीत असताना मालकाचे बुडालेले भाडे आणि दुरुस्तीनंतर घटलेली किंमत या दोन बाबी धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

कराराची भाषा न वाचता सही करणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. वैमानिकाची पॉलिसी सामान्यतः कायदेशीर जबाबदारीवर चालते, म्हणजे नुकसान त्याच्या चुकीमुळे झाले असेल तरच ती पैसे देते. काही भाडेकरारांत मात्र "ग्लायडर ताब्यात असताना कोणत्याही कारणाने झालेले नुकसान भरून देईन" असे वाक्य असते. दोरखंडांनी नीट बांधून ठेवलेल्या ग्लायडरवर दुपारच्या वादळात गारा पडल्या आणि कॅनॉपीला, म्हणजे आसनांवरील पारदर्शक झाकणाला, तडे गेले, असे समजा. वैमानिकाचा यात काही दोष नाही, म्हणून त्याची विमा कंपनी दावा नाकारू शकते. पण करारात त्याने जबाबदारी आपण होऊन स्वीकारलेली असल्यामुळे मालक त्याच्याकडेच बोट दाखवतो. करारामुळे अंगावर घेतलेली जबाबदारी पॉलिसीतून बहुधा वगळलेली असते. अशा वेळी ते वाक्य "माझ्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान" असे बदलून मागावे. मालक तयार नसेल, तर करार विमा प्रतिनिधीला दाखवूनच निर्णय घ्यावा.

मर्यादेपुढील बारीक शब्द

पॉलिसीवर "प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलर" असे ठळक अक्षरांत असते आणि त्याच्यापुढे "प्रवाशामागे १ लाख" किंवा "व्यक्तीमागे १ लाख" अशी उपमर्यादा असते. पहिल्या प्रकारात ती मागच्या आसनावरील प्रवाशापुरती लागू होते. दुसऱ्या प्रकारात जमिनीवर जखमी झालेल्या माणसालाही तीच मर्यादा लागते. हप्त्यांची तुलना करताना हा एक शब्द तपासला नाही, तर स्वस्त वाटणारी पॉलिसी प्रत्यक्षात तोकडी निघते.

ग्लायडर आणि वैमानिक पॉलिसीत बसतात का?

भाड्याच्या विमानांच्या काही पॉलिसी केवळ एक इंजिनाच्या विमानांपुरत्या असतात, त्यामुळे ग्लायडरचा उल्लेख शोधल्याशिवाय पैसे भरू नयेत. त्यानंतर वैमानिकाची पात्रता येते. ग्लायडरसाठी तेथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. परंतु २४ महिन्यांतील फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकाने घेतलेली उड्डाणाची उजळणी), आणि प्रवासी नेणार असल्यास गेल्या ९० दिवसांतील तीन उड्डाणे व तीन लँडिंग, या अटी लागू राहतात. शिवाय ज्या पद्धतीने ग्लायडर हवेत चढवायचे, त्या पद्धतीच्या प्रशिक्षणाची नोंद प्रशिक्षकाच्या सहीने लॉगबुकमध्ये असावी लागते. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात विंचवर (जमिनीवरून दोर गुंडाळून ग्लायडर वर खेचणारे यंत्र) शिकलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथील बहुतेक ठिकाणी टो-विमानाने ओढून नेतात. भारतीय परवान्याच्या आधारे तेथील प्रमाणपत्र मिळवले, तरी टोची नोंद आणि फ्लाइट रिव्ह्यू चुकत नाही. यांतील एखादी बाब अपुरी असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारण्यासाठी आयते कारण मिळते.

घराच्या विम्यातील दायित्वाच्या भागातून विमानांशी संबंधित दावे वगळलेले असतात, आणि मोटारीच्या भाड्यासाठी क्रेडिट कार्डावर मिळणारे संरक्षण येथे उपयोगाचे नाही. आयुर्विमा असेल, तर त्यातील खासगी उड्डाणाविषयीचे कलम वाचावे.

जमिनीवरचे नुकसान विसरणे

ग्लायडरचे नुकसान हवेतच होते असे नाही. गाडीला दोरी लावून ग्लायडर मागे ओढताना पंखाच्या टोकाला धरणारा माणूस क्षणभर दुसरीकडे पाहतो आणि टोक उभ्या टो-विमानाला लागते. शेतात उतरल्यावर पंख सोडवून ग्लायडर ट्रेलरमध्ये भरताना एखादा सांधा वाकतो. सुटे भाग करताना आणि ट्रेलरमधून नेताना संरक्षण चालू राहते का, हे आधीच विचारावे; ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीचा विमा आतील ग्लायडरचे पैसे देईल, या भरवशावर राहू नये.

नुकसान झालेच, तर

जखमींची व्यवस्था लावल्यानंतर सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गंभीर इजा किंवा ग्लायडरचे मोठे नुकसान झाले असेल, तर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला तत्काळ कळवावे लागते आणि जखमींना बाहेर काढणे वा आणखी हानी टाळणे यांसारखे कारण नसताना अवशेष हलवता येत नाहीत. केवळ चाक किंवा पंखाचे टोक खराब होणे या व्याख्येत मोठे नुकसान ठरत नाही. विमा कंपनीला मात्र तेही लगेच कळवावे. अपघाताचा लेखी अहवाल १० दिवसांत द्यावा लागतो. मालकाशी सौजन्याने बोलावे, परंतु "चूक माझी, मी भरून देतो" असे लिहून देऊ नये, कारण विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी स्वीकारण्यास पॉलिसीत सामान्यतः मनाई असते. मालकाच्या विमा कंपनीचे वसुलीचे पत्र आले, तर त्याला स्वतः उत्तर न देता ते त्याच दिवशी आपल्या विमा कंपनीकडे पाठवावे. दायित्वाच्या पॉलिसीत बचावासाठी वकील देण्याची जबाबदारी बहुधा तिचीच असते.